निवृत्तीच्या उंबरठ्यावर : निवृत्तिवेतन व वर्षासनाच्या पर्यायांची तुलना

सेवानिवृत्तीला काही महिने उरले असताना कर्मचाऱ्यापुढे जे अर्ज येतात, त्यांतील बहुतेक अर्ज नंतर दुरुस्त करता येतात. पत्ता बदलता येतो, बँकेचे खाते बदलता येते. मात्र निवृत्तिवेतनाचा कोणता भाग एकरकमी घ्यावा, उरलेल्या निधीतून कोणत्या प्रकारचे वर्षासन खरेदी करावे आणि आपल्या पश्चात पती अथवा पत्नीला किती रक्कम मिळावी, हे निर्णय एकदा घेतल्यावर सहसा बदलता येत नाहीत. भारतात वयाची साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे जगते आणि स्त्रियांच्या बाबतीत हा काळ पुरुषांपेक्षा अधिक असतो. म्हणजेच एका सहीचा परिणाम दोन व्यक्तींच्या दोन दशकांच्या उदरनिर्वाहावर होतो.

असे असूनही हा निर्णय अनेकदा ‘पहिल्या महिन्यात हाती किती येणार’ या एकाच आकड्यावर घेतला जातो. प्रस्तुत लेखात भारतातील प्रमुख पर्यायांची रचना समजून घेऊन त्यांची तुलना कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार केला आहे. सामाजिक सुरक्षा हा विषय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात महत्त्वाचा आहेच. परंतु तो केवळ योजनांची नावे व तारखा यांपुरता मर्यादित नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

संकल्पना आणि घटनात्मक आधार

निवृत्तिवेतन व वर्षासन हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत फरक आहे. निवृत्तिवेतन हे केलेल्या सेवेच्या मोबदल्यात मिळते आणि ते देण्याची जबाबदारी मालकाची, शासनाची किंवा वैधानिक निधीची असते. वर्षासन, म्हणजेच विमा कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ज्याला ॲन्युइटी म्हटले जाते, तो एक करार आहे. व्यक्ती विमा कंपनीला ठरावीक रक्कम देते आणि त्या बदल्यात कंपनी तिला हयातभर ठरावीक उत्पन्न देण्याचे मान्य करते. आयुर्विमा हा अकाली मृत्यूच्या जोखमीवरील उपाय, तर वर्षासन हा दीर्घायुष्याच्या जोखमीवरील उपाय होय.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण, बेकारी इत्यादी प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत केलेला आहे. सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या नोंद २४ मध्ये वार्धक्य निवृत्तिवेतनाचा समावेश आहे. निवृत्तिवेतन ही शासनाच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नसून तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९७१ च्या खटल्यात स्पष्ट केले. पुढे डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिलेल्या निर्णयाने ही भूमिका अधिक बळकट झाली. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ १७ डिसेंबर हा ‘निवृत्तिवेतनधारक दिन’ म्हणून पाळला जातो.

निश्चित लाभ आणि निश्चित अंशदान

निवृत्तिवेतनाच्या सर्व योजना स्थूलमानाने दोन गटांत विभागता येतात. निश्चित लाभाच्या योजनेत मिळणारी रक्कम सूत्राने ठरते आणि ती उभी करण्याची जोखीम देणाऱ्यावर असते. निश्चित अंशदानाच्या योजनेत दरमहा भरायची रक्कम ठरलेली असते, मिळणारी रक्कम मात्र बाजारातील परताव्यावर आणि निवृत्तीच्या वेळच्या वर्षासनाच्या दरांवर अवलंबून असते. येथे जोखीम सदस्यावर असते. त्यामुळे कोणत्याही योजनेची तुलना करताना पहिला प्रश्न ‘किती मिळणार’ हा नसून ‘जोखीम कोणाची’ हा असावयास हवा.

निवृत्तीनंतरच्या जोखमी मुख्यतः चार आहेत : अपेक्षेहून अधिक जगणे, महागाई, पती-पत्नींपैकी एकाचा आधी मृत्यू होणे, आणि आजारपणासारख्या कारणाने एकाएकी मोठ्या रकमेची गरज भासणे. एकही पर्याय या चारही जोखमींवर सारखाच प्रभावी नसतो. म्हणूनच निवड करावी लागते.

जुनी योजना आणि अंशराशीकरण

१ जानेवारी २००४ पूर्वी केंद्र शासनाच्या सेवेत आलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना सामान्यतः निश्चित लाभाची जुनी योजना लागू आहे. किमान १० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या किंवा शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या, यांपैकी जे लाभदायक असेल त्याच्या, ५० टक्के निवृत्तिवेतन मिळते. त्यावर महागाई वाढ मिळते आणि वयाच्या ८० व्या वर्षापासून अतिरिक्त निवृत्तिवेतन सुरू होते. निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात प्रारंभीच्या वाढीव दराचा काळ संपल्यावर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

येथे कर्मचाऱ्यापुढे असलेला प्रमुख पर्याय म्हणजे अंशराशीकरण. निवृत्तिवेतनाचा कमाल ४० टक्के भाग एकरकमी रकमेत रूपांतरित करता येतो आणि १५ वर्षांनंतर तो भाग पूर्ववत केला जातो. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी, म्हणजे पुढील वाढदिवशी ६१ वर्षे पूर्ण करणाऱ्यासाठी, अंशराशीकरणाचा गुणक ८.१९४ आहे.

समजा, मूळ निवृत्तिवेतन ४०,००० रुपये आहे. त्याचा ४० टक्के भाग म्हणजे १६,००० रुपये. १६,००० × १२ × ८.१९४ या हिशेबाने १५,७३,२४८ रुपये एकरकमी मिळतील. त्या बदल्यात १५ वर्षे दरमहा १६,००० रुपये, म्हणजे एकूण २८,८०,००० रुपये सोडावे लागतील. हा व्यवहार कर्जाच्या भाषेत मांडल्यास व्याजाचा दर सुमारे ९ टक्के येतो. मात्र तीन गोष्टी अंशराशीकरणाच्या बाजूने आहेत. शासकीय कर्मचाऱ्यास मिळणारी ही रक्कम प्राप्तिकरातून मुक्त आहे. महागाई वाढ कपातीपूर्वीच्या पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहते. आणि १५ वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास उरलेली कपात कुटुंब निवृत्तिवेतनातून केली जात नाही. डोक्यावर त्याहून महाग कर्ज असल्यास अंशराशीकरण लाभदायक ठरते. केवळ रक्कम बचत खात्यात पडून राहणार असेल तर ते तोट्याचे ठरते.

राष्ट्रीय प्रणाली आणि एकीकृत योजना

१ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत दाखल होणाऱ्या कर्मचाऱ्यांना, सशस्त्र दलांचा अपवाद वगळता, राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू करण्यात आली. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांसाठी खुली झाली आणि २०१३ च्या अधिनियमाने निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरणास वैधानिक दर्जा प्राप्त झाला. केंद्रीय कर्मचारी वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के अंशदान भरतो. शासनाचे अंशदान १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के करण्यात आले. निवृत्तीच्या वेळी शासकीय कर्मचाऱ्यास संचित निधीच्या किमान ४० टक्के रकमेतून वर्षासन खरेदी करावे लागते. बिगर-शासकीय सदस्यांसाठी ही किमान मर्यादा डिसेंबर २०२५ मधील दुरुस्तीने २० टक्क्यांवर आणण्यात आली.

या दुरुस्तीमुळे सदस्याचे स्वातंत्र्य वाढले. त्याबरोबर त्याची जबाबदारीही वाढली. निधीचा मोठा भाग एकरकमी काढल्यास दीर्घायुष्याची जोखीम पुन्हा सदस्याकडेच येते.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या निश्चित उत्पन्नाच्या मागणीचा विचार करून केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मंजुरी दिली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती अमलात आली. तीत २५ वर्षे सेवा पूर्ण झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे. सेवा त्याहून कमी असल्यास रक्कम प्रमाणात कमी होते आणि किमान १० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणाऱ्यास दरमहा किमान १०,००० रुपयांची हमी आहे. या रकमेवर महागाई वाढ मिळते. सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या एक दशांश इतकी एकरकमी रक्कम वेगळी दिली जाते. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या हमी रकमेच्या ६० टक्के रक्कम पती अथवा पत्नीस मिळते.

उदाहरणार्थ, सरासरी मूळ वेतन ८०,००० रुपये असलेल्या कर्मचाऱ्यास २५ वर्षांच्या सेवेनंतर ४०,००० रुपये, तर २० वर्षांच्या सेवेनंतर ३२,००० रुपये आणि त्यावरील महागाई वाढ मिळेल. वैयक्तिक निधीतून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा आहे. परंतु त्या प्रमाणात हमीची रक्कमही घटते. म्हणून एकरकमी रक्कम ‘अतिरिक्त लाभ’ समजणे चुकीचे आहे. ती भावी उत्पन्नाची विक्री आहे.

दोन्ही योजनांतील मूलभूत फरक असा की, एकीकृत योजनेत महागाई व दीर्घायुष्य यांची जोखीम शासन स्वीकारते, परंतु पती-पत्नी दोघांच्या पश्चात निधी वारसांकडे येत नाही. राष्ट्रीय प्रणालीत महागाईची हमी नाही, परंतु एकरकमी काढलेला भाग आणि योग्य प्रकारचे वर्षासन निवडल्यास त्याची मूळ रक्कमही वारसांकडे जाऊ शकते.

वर्षासनाचे प्रकार

राष्ट्रीय प्रणालीतील सदस्याने वा स्वतःच्या बचतीतून वर्षासन घेणाऱ्याने पुढील प्रकार समजून घेणे आवश्यक आहे. समजा, ६० वर्षांच्या व्यक्तीने २० लाख रुपयांचे वर्षासन खरेदी केले. खालील दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत; प्रत्यक्ष दर कंपनी, वय व काळ यांनुसार बदलतात.

१. केवळ स्वतःच्या हयातीपर्यंत, मूळ रक्कम परत नाही : दरमहा १४,००० रुपये.
२. दोघांच्या हयातीपर्यंत पूर्ण दराने, मूळ रक्कम परत नाही : दरमहा १२,५०० रुपये.
३. दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ, केवळ स्वतःच्या हयातीपर्यंत : प्रारंभी दरमहा ११,५०० रुपये.
४. स्वतःच्या हयातीपर्यंत, पश्चात मूळ रक्कम परत : दरमहा ११,००० रुपये.
५. दोघांच्या हयातीपर्यंत, दोघांच्या पश्चात मूळ रक्कम वारसांना परत : दरमहा १०,९०० रुपये.

यांखेरीज ५, १०, १५ किंवा २० वर्षे निश्चितपणे आणि त्यानंतर हयातभर वर्षासन देणारा प्रकारही उपलब्ध असतो.

पहिल्या प्रकारातील रक्कम सर्वांत मोठी दिसते. परंतु मोठ्या आकड्यासाठी काय सोडले, हे त्यात दिसत नाही. पहिल्या व दुसऱ्या प्रकारात दरमहा १,५०० रुपयांचा फरक आहे. समजा, पती ६० वर्षांचा व पत्नी ५५ वर्षांची आहे. पतीचा मृत्यू ७२ व्या वर्षी झाला आणि पत्नी ८२ वर्षांपर्यंत जगली. दुसरा प्रकार निवडल्याने १२ वर्षांत २ लाख १६ हजार रुपये कमी मिळाले. परंतु पतीच्या पश्चात पत्नीला १५ वर्षे दरमहा १२,५०० रुपये, म्हणजे एकूण २२ लाख ५० हजार रुपये मिळतील. पहिल्या प्रकारात पतीच्या मृत्यूबरोबर तिचे हे उत्पन्न पूर्णपणे थांबेल.

आपल्या समाजात पत्नी सहसा पतीहून वयाने लहान असते, अधिक काळ जगते आणि अनेक घरांत तिच्या नावावर स्वतंत्र उत्पन्न नसते. म्हणून वर्षासनाच्या अर्जावर एकाची सही असली तरी निर्णय दोघांचा असावयास हवा. पत्नीला स्वतःचे पुरेसे निवृत्तिवेतन असेल किंवा व्यक्ती एकटी असेल, तर पहिला प्रकार विचारात घेण्यास हरकत नाही.

चौथ्या व पाचव्या प्रकारांत फरक अवघा १०० रुपयांचा आहे. मूळ रक्कम परत करावयाची असल्याने कंपनी मुख्यतः तिच्यावरील व्याजच देत असते. त्यामुळे दुसऱ्या व्यक्तीच्या हयातीचा खर्च अल्प पडतो. मूळ रक्कम परतीचा पर्याय घेणाऱ्याने जोडीदाराचा समावेश टाळणे म्हणूनच क्वचितच शहाणपणाचे ठरते.

मूळ रकमेच्या परतीचे आकर्षण मात्र तपासून पाहावे. महागाईचा सरासरी दर ५ टक्के धरल्यास २० वर्षांनी मिळणाऱ्या २० लाख रुपयांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे साडेसात लाख रुपयांइतकी असेल. त्यासाठी वृद्ध दाम्पत्याने स्वतःच्या औषधोपचाराला कात्री लावावी काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने मोकळेपणाने विचारला पाहिजे.

महागाईचा निकष

याच ५ टक्के दराने २० वर्षांत किमती सुमारे २.६५ पट होतात. स्थिर १४,००० रुपयांची किंमत तेव्हा आजच्या सुमारे ५,३०० रुपयांइतकी उरेल. तिसऱ्या प्रकारातील रक्कम नवव्या वर्षी १४,००० रुपयांच्या पुढे जाते आणि २० वाढींनंतर १८,४०० रुपये होते. परंतु तिचीही खरेदीशक्ती आजच्या सुमारे ६,९०० रुपयांइतकीच राहते. म्हणजे ३ टक्के सरळ वाढ महागाईची पूर्ण भरपाई करीत नाही. ज्यांच्याकडे महागाईशी जोडलेले शासकीय निवृत्तिवेतन नाही, त्यांनी सर्व निधी वर्षासनात न गुंतवता काही भाग वाढत राहील अशा गुंतवणुकीत ठेवणे इष्ट ठरते. वय वाढल्यावर वर्षासनाचा दरही वाढतो. त्यामुळे खरेदी टप्प्याटप्प्याने करण्याचाही विचार करता येतो.

खाजगी व असंघटित क्षेत्र

संघटित खाजगी क्षेत्रासाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनास निवृत्तिवेतनपात्र सेवेने गुणून ७० ने भागल्यास मासिक रक्कम मिळते. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनमर्यादा १५,००० रुपये आणि किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये करण्यात आले. संपूर्ण सेवा १५,००० रुपयांच्या मर्यादेखाली झाली असे मानले, तर ३० वर्षांच्या सेवेत २० वर्षांनंतर मिळणारी २ वर्षांची भर धरून १५,००० × ३२ ÷ ७० म्हणजे सुमारे ६,८५७ रुपये येतात. २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी त्या वेळची कमी मर्यादा लागू होत असल्याने प्रत्यक्ष रक्कम याहूनही कमी येते. या रकमेवर महागाई वाढ नाही.

या योजनेत निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. ते ५० वर्षांनंतर लवकर घेतल्यास दरवर्षी ४ टक्के घट होते, तर ६० वर्षांपर्यंत पुढे ढकलल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. अंशदान न भरता दोन वर्षे थांबल्यास २४ महिन्यांची रक्कम सोडून सुमारे ८ टक्के वाढ मिळेल. ही तूट भरून निघण्यास ३०० महिने, म्हणजे २५ वर्षे लागतील. याउलट लवकर घेतल्याने झालेली घट आयुष्यभर कायम राहते. निर्णय घेण्यापूर्वी असा साधा भागाकार करणे उपयुक्त असते.

असंघटित क्षेत्रासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना सुरू करण्यात आली. १८ ते ४० वयोगटातील व्यक्तीस तीत सहभागी होता येते. साठाव्या वर्षापासून दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी, पश्चात जोडीदारास तितकीच रक्कम आणि दोघांच्या पश्चात नामनिर्देशित व्यक्तीस संचित निधी, अशी तिची रचना आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना नव्याने सहभागी होता येत नाही. जोडीदाराचे संरक्षण येथे पर्यायावर न सोडता योजनेतच अंतर्भूत केले आहे, ही बाब लक्षणीय आहे.

निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून निर्णयाचा पुढील क्रम सुचविता येईल. प्रथम, घरखर्च व औषधोपचार यांसाठी दरमहा अपरिहार्य असलेली रक्कम ठरवावी. दुसरे, ती रक्कम हयातभर चालणाऱ्या उत्पन्नातून भागते काय, हे पाहावे. न भागल्यास तेवढ्यापुरते वर्षासन घ्यावे. तिसरे, दोघांपैकी एक नसताना उरलेल्या व्यक्तीच्या हाती किती येईल, हा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा. चौथे, आकस्मिक खर्चासाठी काही रक्कम सहज काढता येईल अशी ठेवावी. पाचवे, उरलेल्या निधीचा विचार महागाई व वारसा या दृष्टीने करावा. वर्षासनाचे करारपत्र मिळाल्यानंतरची अल्प विचारमुदत संपली की प्रकार बदलता येत नाही. म्हणून जोडीदाराचे नाव, जन्मतारीख व निवडलेला प्रकार त्याच मुदतीत तपासून घ्यावेत. वर्षासनाचे उत्पन्न करपात्र असते, हेही हिशेबात धरावे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि ती वाढत आहे. निश्चित लाभाकडून निश्चित अंशदानाकडे झालेल्या प्रवासात शासनाचा भार काहीसा हलका झाला, परंतु जोखमीचे गणित सामान्य नागरिकाच्या हाती आले. ते गणित त्याला समजेल अशा भाषेत, निवृत्तीच्या पुरेसे आधी पोहोचविणे हाही सामाजिक सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. निश्चित लाभ व निश्चित अंशदान या पद्धतींत जोखमीची विभागणी कशी होते? उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. एकीकृत निवृत्तिवेतन योजना व राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली यांची महागाई, कुटुंबसंरक्षण व वारसा या निकषांवर तुलना करा.
३. ‘निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे.’ सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांच्या आधारे चर्चा करा.
४. मूळ निवृत्तिवेतन ५०,००० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याने वयाच्या साठाव्या वर्षी कमाल अंशराशीकरण केल्यास त्यास किती रक्कम मिळेल? १५ वर्षांत एकूण किती रक्कम सोडावी लागेल?